विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीचा पहिला हंगाम : तयारी कशी करावी

मी गोंदिया जिल्ह्यात वाढलो. चितळांचा कळप रस्ता ओलांडताना एसटी थांबलेली मी लहानपणी पाहिली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार म्हटलं की अटकेची बातमीच आठवते, आणि बंदूक घेऊन रानात जाणारा तो चोरटा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात आल्यावर पहिल्या नोव्हेंबरात नारिंगी टोप्या घातलेली माणसं पेट्रोलपंपावर सहज गप्पा मारताना दिसली, तेव्हा मी गोंधळून गेलो. शेजारचे आजोबा मला पहिल्यांदा सोबत घेऊन गेले त्यालाही आता सात वर्षं झाली. इथे शिकार हा हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा राज्याचा अधिकृत मार्ग आहे. परवान्यांचा पैसा आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लागतो.

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या तीन-चार मराठी घरांतून मला विचारणा झाली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. सगळे नियम विस्कॉन्सिनचे आहेत. तुम्ही मिशिगन, पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सासात राहत असाल तर तयारीचा क्रम उपयोगी पडेल, पण आकडे आणि तारखा तुमच्या राज्याच्याच बघा. विस्कॉन्सिनमध्येही नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. नैसर्गिक संसाधन विभाग, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडचं डीएनआर, दरवर्षी नियमपुस्तिका काढतो. बंदूक घेण्याआधी ती वाचा.

आधी स्वतःची कागदपत्रं

व्हिसावर असलेल्यांनी इथे थांबून वाचावं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे परवाना आधी आणि बंदुकीला हात नंतर. मित्राची बंदूक चांदमारीवर 'जरा धरून बघितली' तरी ती बाळगणंच ठरू शकतं. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असेल तर ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच. सल्ल्याची फी ही या सगळ्या खर्चातली सगळ्यात शहाणपणाची रक्कम आहे. धनुष्यबाण कायद्याने बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे काही जण तिथूनच सुरुवात करतात.

दुसरं, प्रशिक्षण. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला परवान्यासाठी शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. अठरा वर्षांवरच्यांना तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो. तरीही मी सांगेन, वर्गात जाऊन करा. बंदूक हातात घेऊन कुंपण कसं ओलांडायचं, दुसऱ्याच्या हातात ती कशी द्यायची, हे पडद्यावर बघून अंगात मुरत नाही. वर्ग वसंतात आणि उन्हाळ्यात होतात आणि ऑगस्टपर्यंत जागा भरत येतात. तेवढाही वेळ नसेल तर अनुभवी माणसाच्या सोबतीने, प्रमाणपत्राशिवाय शिकार करण्याची सोय आहे. मात्र तो माणूस कायम हाताच्या अंतरावर हवा.

परवाना घेताना काय निवडता ते बघा

परवाना 'गो वाइल्ड' या सरकारी संकेतस्थळावर किंवा खेळसाहित्याच्या दुकानात मिळतो. बंदुकीने शिकार करण्याच्या परवान्याबरोबर एका शिंगवाल्या नराची परवानगी येते. बिनशिंगाच्या हरणाची परवानगी वेगळी असते आणि ती ठरावीक विभागापुरती आणि ठरावीक प्रकारच्या जमिनीपुरतीच चालते : सरकारी किंवा खासगी.

मी इथेच चुकलो. दुसऱ्या वर्षी घाईत 'खासगी' निवडलं आणि उभा राहिलो सरकारी रानात. सकाळी सव्वासातला एक धष्टपुष्ट मादी चाळीस पावलांवर येऊन थांबली, कान माझ्या दिशेने वळवले, दोन मिनिटं तशीच उभी होती. मी बंदुकीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. ती गेल्यावर खूप हळहळलो, पण त्या दिवसापासून छापील परवानगीवरचा एकेक शब्द बोट ठेवून वाचतो.

'शिंगवाला' याचीही व्याख्या आहे : निदान एक शिंग तीन इंच किंवा त्याहून लांब हवं. त्याहून आखूड शिंगांचा नर बिनशिंगात मोडतो. आणि अंगभर पांढरंशुभ्र हरीण दिसलं तर बंदूक खाली. त्याला मारायला बंदी आहे.

तारखा आणि वेळा

धनुष्य आणि क्रॉसबोचा (बंदुकीसारखा धरून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याचा) हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. रजेचा अर्ज सप्टेंबरातच टाका, नाहीतर ऑफिसात तुम्हीच एकटे उरता.

गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयाआधी ३० मिनिटं ते सूर्यास्तानंतर २० मिनिटं. पुस्तिकेत तारीखवार तक्ता असतो. त्याचं पान फाडून किंवा फोटो काढून खिशात ठेवा. 'अजून दिसतंय की' हा हिशोब इथे चालत नाही.

जागा : ऑगस्ट ते ऑक्टोबर

सरकारी जमीन भरपूर आहे. उत्तरेतलं शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय वन एकटंच सुमारे १५ लाख एकरांचं. पण नकाशावरचं हिरवं रान आणि पायाखालचं रान यांत फरक असतो. ऑक्टोबरात दोन शनिवार मोडा आणि नुसते चाला. ओकची फळं पडलेली जागा, दलदलीच्या कडेने गेलेली पायवाट, लेंड्या, आणि मनगटाएवढ्या झाडांच्या सोललेल्या साली शोधा. साली नर शिंगं घासून काढतो. वारा बहुतेकदा कुठून येतो ते टिपून ठेवा. हरणाला तुम्ही दिसण्याआधी तुमचा वास लागतो.

खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच, पाटी लावलेली असो वा नसो. जखमी हरीण कुंपण ओलांडून शेजारच्या जमिनीत गेलं तरी मालकाला विचारल्याशिवाय मागे जाता येत नाही. म्हणून हंगामाआधीच आजूबाजूच्या मालकांना जाऊन भेटा, हात मिळवा, फोन नंबर घ्या. दुसऱ्याच्या जमिनीवर असताना राहत्या घरापासून १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही, हेही नकाशावर आखून ठेवा.

सुरक्षा

बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या कपड्यांचा किमान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवा, आणि टोपी घातली तर तीही निम्मी त्या रंगाची. मी पूर्ण नारिंगीच घालतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. माणसाला मात्र पाव मैलावरून दिसतो.

वर्गात 'टॅब-के' पाठ करून घेतात, म्हणजे चार नियमांची इंग्रजी आद्याक्षरं. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची पूर्ण खात्री. आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट घोड्यापासून लांब. यातला तिसरा नियम मला सगळ्यात मोठा वाटतो. हरीण टेकडीच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ असेल, तर गोळी झाडू नका. ती कुठे उतरेल हे तुम्हाला माहीत नसतं.

गाडीत रायफल रिकामीच. मचाणावर चढण्याआधी पडण्यापासून वाचवणारा पट्टा बांधा आणि खाली उतरून पाय जमिनीला लागेपर्यंत सोडू नका. बंदूक घेऊन चढायचं नाही. ती रिकामी करून, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची.

नेमाचा सराव ऑक्टोबरातच पूर्ण करा. १०० यार्डांवर, बसून, थंडीचे तेच जाड कपडे घालून. पुढच्या पायाच्या मागची हृदय-फुफ्फुसांची जागा जेवणाच्या ताटाएवढी असते. तेवढ्यात प्रत्येक वेळी गोळी बसत नसेल तर अजून जवळच्या अंतरापुरतंच स्वतःला बांधून घ्या. जनावर जखमी होऊन रात्रभर तडफडणं हे शिकाऱ्याचं पाप, असं आजोबा म्हणतात आणि मीही तसंच मानतो.

गोळी लागल्यावर

लगेच धावू नका. हरीण कुठे उभं होतं, कुठल्या झाडाजवळून पळालं, ते डोळ्यांत साठवा आणि अर्धा तास बसा. मग माग काढा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस; हिरवट, उग्र वासाचं काही दिसलं तर पोटाला लागलंय, मग कित्येक तास थांबावं लागतं.

सापडल्यावर आतडी तिथेच काढायची, म्हणजे मांस लवकर गार होतं. पहिल्यांदा अनुभवी माणसाला सोबत घ्या. नोव्हेंबरच्या गारठ्यात पोट उघडलं की वाफेचा लोट वर येतो, हात कोपरापर्यंत उबदार होतात. मी त्या क्षणी टोपी काढून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

मग नोंदणी. हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत ऑनलाइन किंवा फोनवरून नोंद करायची आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा. राज्य पुढच्या वर्षीचा कोटा याच आकड्यांवर ठरवतं, त्यामुळे ही टाळाटाळ करण्याची गोष्ट नाही.

मांसाचं आधीच ठरवा

२००२ साली विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग सापडला. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे तो होतो आणि शिजवून ते प्रिऑन मरत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. डीएनआर तपासणी फुकट करून देतं. ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात. हरणाचं डोकं, मानेच्या काही भागासह, तिथे द्यायचं. बाधित जिल्ह्यांतून पाठीचा कणा आणि डोकं बाहेर नेण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे लांब राहत असाल तर मांस हाडांपासून सोडवूनच गाडीत घाला. बाधित भागात मका किंवा मीठ टाकून हरणं बोलावण्यालाही बंदी आहे.

खाटीक ऑक्टोबरातच गाठा. बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या दारात रांग लागते आणि नवीन माणसाला परत पाठवतात. घरी कापणार असाल तर पांढरी चरबी पूर्ण काढा. ती मेणासारखी टाळूला चिकटते. मांस कोरडं असतं, म्हणून मांडीचे तुकडे आलं-लसूण आणि दह्यात रात्रभर ठेवून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवावेत. माझी बायको त्याचा तांबडा रस्सा करते. एवढं मांस घरात संपणार नसेल तर हंगामाआधीच चौकशी करा. २००० सालापासून इथे हरणाचं मांस गरजूंच्या अन्नपेढ्यांना देण्याची योजना चालू आहे.

तपासणीचा निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर प्रत्येक पाकिटावर नमुन्याचा क्रमांक मार्करने लिहा, फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की त्या कप्प्याला अजून हात लावायचा नाही.