फिटची गोळी आणि पोट साफ होण्याचे औषध

फिटच्या गोळ्या चालू असताना बद्धकोष्ठ झाले, की म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या फार्मसीतून इसबगोल आणून तो रात्रीच्या गोळीबरोबरच घेतला जातो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. कारण पाण्यात फुगलेल्या त्या बुळबुळीत भुशामुळे कार्बामाझेपीनसारखी गोळी कमी शोषली जाऊ शकते. गोळीची ठरलेली वेळ बदलू नये, इसबगोलच पेलाभर पाण्यातून किमान २ तासांच्या अंतराने घ्यावा. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी घेणाऱ्यांनी मॅक्रोगॉल या पोट साफ होण्याच्या औषधाची पूड गोळीच्या आधी व नंतर १ तास टाळावी. फार्मसीत नाव सांगण्यापेक्षा गोळ्यांची पट्टीच दाखवलेली बरी. जुलाब लागले तरी फिटची गोळी स्वतःहून बंद करू नये. वारंवार जुलाब वा उलट्या झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.