रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र मागताना

मी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर आहे. मेडिकलची पदवी झाल्यावर इथे स्पेशालिटीचं जे प्रशिक्षण घेतात, ती रेसिडेन्सी. सप्टेंबरअखेर ईरासचे (रेसिडेन्सीसाठीच्या ऑनलाइन अर्जव्यवस्थेचे) अर्ज आमच्यापुढे आले की निवड समितीसाठी शिफारसपत्रं वाचणं माझ्याकडे असतं. आपल्याकडच्या मुलामुलींचे अर्ज वाचताना फार हळहळ वाटते. स्टेप टू या इथल्या लायसन्सच्या परीक्षेचे मार्क सुरेख, आणि पत्रात काय? ‘मेहनती, वक्तशीर, नम्र. उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ जानेवारी २०२२ पासून तिच्या आधीची स्टेप वन नुसती पास-नापास झाली आहे, त्यामुळे अशा पत्रानं होणारं नुकसान आता जास्त जाणवतं.

मला हवं असतं ते लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं. समजा, हार्ट फेल्युअरचा पेशंट महिन्यात दुसऱ्यांदा भरती झाला. सगळे फ्युरोसेमाइडचा (अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाचा) डोस वाढवायच्या गोष्टी करत होते. इलेक्टिव्हला (ऐच्छिक प्रशिक्षणाला) आलेल्या विद्यार्थिनीनं त्याच्याजवळ बसून जेवणाची चौकशी केली, तेव्हा कळलं की तो रोज डबाबंद खारट सूप पितोय. तिनं ते राउंडला मांडलं आणि डिस्चार्जचा प्लॅन बदलला. या चार ओळींत पेशंटचा इतिहास घेणं, विचार करणं, टीममध्ये बोलणं, सगळं दिसतं. त्यापुढे ‘गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांत ती वरच्या मोजक्यांत’ असं एक वाक्य आलं, की मी तिचं नाव मुलाखतीसाठी लिहून ठेवते.

म्हणून एचओडींच्या सहीमागे धावू नका. ज्यांनी तुम्हाला वॉर्डात रोज पाहिलं, ते असिस्टंट प्रोफेसर असले तरी त्यांनाच विचारा. (काही प्रोग्रॅम विभागप्रमुखांचं पत्र मागतात. तेवढं त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या.) अमेरिकेतल्या कामाचं, त्याच स्पेशालिटीतलं पत्र असेल तर उत्तमच.

रोटेशनच्या (त्या विभागातल्या कामाच्या) शेवटच्या आठवड्यात, समोर बसून, स्पष्ट विचारा: ‘सर, माझ्यासाठी दमदार पत्र लिहिता येईल इतकं माझं काम तुम्ही पाहिलंय का?’ ते घुटमळले तर आभार माना आणि दुसऱ्यांकडे जा.

हो म्हणाले तर सीव्ही, पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं लेखन) आणि एक पानाचं टिपण द्या. रोटेशनच्या तारखा, तुम्ही पाहिलेले दोन-तीन पेशंट (नावं अजिबात नकोत), केलेलं प्रेझेंटेशन. आणि त्यांनी तुमची काढलेली चूक व तुम्ही ती कशी सुधारलीत, हे जरूर लिहा. ‘पहिल्या आठवड्यात केस सांगताना भरकटायचा, तिसऱ्यात नेमकं बोलू लागला’ या वाक्यावर मी ढीगभर विशेषणांपेक्षा जास्त विश्वास ठेवते.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कुणी म्हणालं तर हेच टिपण पुढे करा आणि नम्रपणे सांगा की पत्र त्यांच्याच शब्दांत हवं. एकाच हातानं लिहिलेली तीन पत्रं ओळखू येतात आणि मग सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो. तुमच्याबद्दलचं पत्र वाचण्याचा तुमचा हक्कही अर्जात सोडून द्या. तो सोडला की नाही हे आम्हाला दिसतं.

मायईरासमधून (ईरासच्या अर्जदारांसाठीच्या वेबसाइटवरून) पत्राचा विनंती अर्ज काढून पत्र लिहिणाऱ्यांना पाठवा. पत्र लेटरहेडवर, सहीनिशी हवं आणि पोर्टलवर ते त्यांच्याकडूनच चढायला हवं. एका प्रोग्रॅमला चारच पत्रं जोडता येतात. ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा आठवण करा, मग पंधरा दिवसांनी पुन्हा. डॉक्टर विसरतात, आठवण केल्याचा राग कुणी धरत नाही.