इंदूरच्या गच्चीवरून स्पेस स्टेशन कसं बघायचं

आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर जाऊन आले तेव्हापासून बरेच जण विचारतात की ते इथून दिसतं का. दिसतं, अगदी रामबागेतल्या गच्चीवरूनही, आणि दुर्बीण अजिबात नको, ताशी जवळपास २८,००० किलोमीटरने पळणारी वस्तू दुर्बिणीत टिकतच नाही.

नासाचं स्पॉट द स्टेशन ॲप टाका, लोकेशन इंदूर ठेवा. प्रत्येक फेरीची वेळ, किती मिनिटं दिसणार, कुठून उगवणार, कुठे मावळणार असं सगळं येतं, पण आधी मॅक्स हाइट बघा, म्हणजे स्टेशन क्षितिजापासून जास्तीत जास्त किती वर चढणार, ती डिग्रीमध्ये असते. १५-२० वाली सोडून द्या, समोरच्या बिल्डिंगमागूनच निघून जाईल, ५० च्या वरची धरा. हात ताठ पुढे करून मूठ वळली की ती साधारण १० डिग्री झाकते, क्षितिजापासून मुठीवर मूठ मोजत गेलं की नजर कुठे ठेवायची ते कळतं.

वेळ संध्याकाळची किंवा पहाटेचीच. खाली अंधार पडलेला असतो पण ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतं, तेच स्टेशनवर पडून चमकतं, मध्यरात्री डोक्यावरून गेलं तरी सहसा पृथ्वीच्या सावलीत असतं म्हणून दिसत नाही.

ते येतं पश्चिमेच्या अंगाने, नैऋत्येकडून नाहीतर वायव्येकडून, आणि आपलं एअरपोर्टही त्याच बाजूला म्हणून हमखास घोळ होतो. लुकलुकलं, लाल-हिरवं दिसलं की विमान. स्टेशन एकसारखं पांढरं, चांगल्या फेरीत शुक्राइतकं ठळक, आवाज बिलकुल नाही. कधी भर आकाशात विझून जातं, तेव्हा ढग शोधू नका, सावलीत शिरलेलं असतं.

नवीन क्रू निघाला की तर नक्की बघाच. शुक्लांचं ड्रॅगन यान लॉन्चनंतर साधारण २८ तासांनी स्टेशनला जोडलं गेलं, अशा जोडणीच्या थोडं आधीची फेरी आपल्या वाट्याला आली तर स्टेशनच्या मागेपुढे एक फिका ठिपका पळताना दिसू शकतो आणि त्या ठिपक्यात माणसं बसलेली असतात हो!

पावसाळ्यात नाद सोडा, दिवाळीनंतरचं आकाश मस्त. गच्चीवरचा लाइट बंद करा, १९८४ मध्ये राकेश शर्मांना टीव्हीवर पाहिलेले आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना दहा मिनिटं आधीच वर आणून खुर्चीत बसवा, कारण फेरी फार तर सहा-सात मिनिटांची. हुकली तर यादीत दीड तासानंतरची फेरी आहे का बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशीची.