आयटॅनियम कर्नलमधून वगळल्यावर जुना सर्व्हर कसा चालू ठेवला

आयटॅनियम या इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या जुन्या सर्व्हरसाठी लिनक्स ६.७ चे कर्नल (प्रणालीचा गाभा) सोर्स कोडमधून बांधायला घेतले, तेव्हा बिल्ड पहिल्याच पायरीवर थांबले, कारण सोर्समधील ‘आर्क’खालची ‘आयए६४’ ही आयटॅनियमच्या कोडची डिरेक्टरीच उरलेली नव्हती. अशा पुसलेल्या डिरेक्टरीचा इतिहास गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या लॉगमध्ये पाहताना तिच्या नावाआधी दोन डॅश द्यावे लागतात, अन्यथा गिट तक्रार करते. कोणता भाग कोण सांभाळतो हे सांगणाऱ्या ‘मेंटेनर्स’ फाइलच्या इतिहासात हे आर्किटेक्चर २०२१ मध्येच अनाथ, म्हणजे कोणी सांभाळणारा नसलेले, म्हणून नोंदवलेले आढळले; इंटेलने त्याची शेवटची खेपही त्याच वर्षी रवाना केली होती.

वगळलेला कोड परत जोडण्याचा विचार मी सोडून दिला. मेमरी व्यवस्थापनासारखे सामायिक इंटरफेस दर आवृत्तीत बदलत असल्याने तो कोड प्रत्येक वेळी हाताने जुळवावा लागला असता, आणि नेमके हेच ओझे, चाचणीसाठी यंत्रही हाताशी नसताना, इतर विकासक वर्षानुवर्षे वाहत होते. (वगळण्याचा निर्णय त्यामुळे मला रास्तच वाटतो.)

शेवटी मी आयटॅनियमचा आधार असलेली अखेरची, म्हणजे ६.६ ही दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी शाखा घेतली, कर्नलचे पर्याय ठरवणारी जुनी कॉन्फिग फाइल तिच्यात आणून नव्या पर्यायांना मूळ मूल्ये दिली, दुसऱ्या संगणकावर क्रॉस-कंपायलरने (वेगळ्या प्रोसेसरसाठी कोड बांधणाऱ्या साधनाने) कर्नल बांधले आणि सुरुवातीला कर्नल लोड करणाऱ्या बूटलोडरमधील जुनी नोंद तशीच ठेवून नवी जोडली. सर्व्हर आता अंतर्गत नेटवर्कपुरताच चालतो.