वाळा, खस आणि हिरवे परफ्यूम: या चुका टाळा

दर उन्हाळ्यात मला एक तरी फोन येतोच. "अरे, तू सांगितलेला तो वाळ्याचा परफ्यूम घेतला, पण त्याला मातीचा वास येतोय." येणारच! वाळा, म्हणजेच खस, ही एका गवताची मुळं. मुळांना मातीचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार?

हा घोटाळा सरबतापासून सुरू होतो. बाटलीतलं खस सरबत हिरवंगार आणि गोडमिट्ट, त्यामुळे वाळा म्हणजे काहीतरी हिरवं, गोड, थंड हे लहानपणीच डोक्यात बसतं. तो हिरवा रंग खाण्याचा रंग आहे, वाळ्याचा नाही. खरा वाळा बघायचा तर माठात टाकायची जुडी हातात घ्या. तपकिरी, केसांच्या गुंतवळीसारखी. ओली केली की आधी पहिल्या पावसातल्या अंगणासारखा वास, मग ओल्या लाकडाचा, आणि तळाशी थोडा कडवटपणा. गेर्लां या फ्रेंच कंपनीचा 'वेतिव्हेर' परफ्यूम असो की अत्तरांच्या कनौजचं रूह खस, म्हणजे वाळ्याचं शुद्ध तेल, पाया हाच आहे. हा वास आवडत नसेल तर हरकत नाही, पण मग पाच हजारांची बाटली घेण्याआधी वीस रुपयांची जुडी हुंगून बघा.

पाच मिनिटांत निकाल लावणं

ही माझी पहिली नावडती चूक. मॉलमध्ये जायचं, कागदी पट्टीवर एक फवारा, दोनदा हुंगायचं आणि लगेच कार्ड काढायचं. किंवा नाक मुरडून पुढच्या काउंटरला. वाळ्याच्या किंवा हिरव्या, म्हणजे पाला-गवताच्या वासाच्या, परफ्यूमच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्हाला भेटतं ते लिंबू, त्याच्याच जातीचं बर्गमॉट, एखादी कुस्करलेली पाला-पाती. ते उडून जाण्यासाठीच असतं. १९५९ साली जाँ-पॉल गेर्लांने केलेल्या 'वेतिव्हेर'मध्येही सुरुवात लिंबूवर्गीय आहे. जायफळ, मिरी, तंबाखू आणि वाळा आपापल्या सवडीने येतात. पहिल्या पाच मिनिटांवर बाटली घेणं म्हणजे जेवणाची परीक्षा कोशिंबिरीवर करणं.

वाळ्याला सगळ्याच बाबतीत वेळ लागतो. कनौजला तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, मुळं आणि पाणी भरतात, झाकण चिकणमातीने लिंपून बंद करतात आणि बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे तेल गोळा करायच्या भांड्यात, उतरवतात. वाळ्याच्या तेलातले जड घटक सगळ्यात शेवटी येतात, त्यामुळे भट्टी दिवसभर, कधी त्याहूनही जास्त चालते. लवकर उतरवलेलं तेल पातळ आणि तिखट लागतं. कारागीर एवढा थांबतो आणि आपल्याला पार्किंगची पावती संपायच्या आत ठरवायचं असतं.

माझी सवय सांगतो, शास्त्र म्हणून नाही. दोन मिलीची नमुना कुपी आणायची. रात्री आंघोळीनंतर डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा मारायचा आणि झोपायचं. सकाळी चहाच्या आधी तिथे नाक लावायचं. तेव्हा जे उरलेलं असतं ते आवडलं तर बाटली. असं तीन रात्री. तीन रात्री थांबणं ज्यांना जमत नाही, त्यांनी डिओ वापरावा, त्यात काही कमीपणा नाही.

"मला वास येत नाही", म्हणून आणखी मारणं

ही दुसरी नावडती चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. मे महिना, चुलत बहिणीचा साखरपुडा साताऱ्याला. पुण्याहून एका गाडीत सहा जण. नवीन घेतलेला हिरवा-लाकडी परफ्यूम सकाळी चार फवारे मारला. अर्ध्या तासाने मनगट हुंगलं तर काहीच नाही. म्हटलं, दुकानदाराने फसवलं. आणखी पाच मारले, त्यातले दोन शर्टावर. मग काचा बंद, एसी चालू. खंबाटकी घाटाच्या दुसऱ्या वळणावर मावशीला गाडी लागली. ती माणूस घाटात कधी डगमगलेली नाही. चाळीस वर्षं महाबळेश्वर-पोलादपूर एसटीने केलेलं आहे. रस्त्याच्या कडेला उभी राहून पाणी पीत ती मला एवढंच म्हणाली, "बाळा, जंगल सगळं आत आणू नये रे." पुढचा सगळा प्रवास काचा उघड्या, डोळ्यांत धूळ, आणि मला मात्र अजूनही स्वतःचा वास येत नव्हता.

कारण साधं आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. स्वयंपाकघरातल्याला फोडणीचा वास येत नाही, दारातून आत येणाऱ्याला येतो, तसंच. त्यात आजच्या बऱ्याच लाकडी परफ्यूममध्ये आयसो ई सुपरसारखी रसायनं असतात. ती सिडारच्या लाकडासारखा मऊ वास देतात, पण लावणाऱ्याला मध्येच जाणवतात, मध्येच गायब होतात, आणि काहींना तर जवळजवळ येतच नाहीत. शेजारच्याला मात्र येत असतात.

तेव्हापासून माझा नियम: उन्हाळ्यात दोन फवारे, एक छातीवर शर्टाच्या आत, एक मानेच्या मागे. थंडीत तीन. नंतर शंका आली तर बाटलीला हात लावायचा नाही, घरातल्या कोणाला तरी विचारायचं. मावशी अजूनही माझ्या गाडीत बसताना आधी विचारते, "आज किती?"

पांढऱ्या झब्ब्यावर अत्तर

रूह खस तांब्याच्या देगेतून येतं, म्हणून त्याला हिरवी झाक असते, आणि पांढऱ्या सुती कापडावर ती बसली की बसली. माझा पाडव्याचा झब्बा आता फक्त घरी घालायच्या कामाचा आहे. अत्तर अंगाला लावावं किंवा जुन्या पद्धतीने कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत ठेवावा. आजोबा तेच करायचे आणि दुपारी त्यांच्याजवळ बसलं तरी वास यायचा. आणि हो, हिरवा रंग बघून "अस्सल आहे" असं ठरवू नका. रंग बाटलीत घालायला कितीसा वेळ लागतो. माझं लक्ष दाटपणाकडे आणि मातीच्या वासाकडे असतं. वाळ्याचं तेल दाट असतं, काडीवरून सावकाश उतरतं. पाण्यासारखं पातळ आणि सरबतासारखं गोड असेल तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

आजोबांच्या बाटलीचा वास आजच्या बाटलीत शोधणं

ओकमॉस हे झाडावरचं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा चुलतभाऊच. डब्याचं झाकण उघडून दगडफुलाचा वास घ्या, जुन्या हिरव्या परफ्यूमचा तळ कसा असायचा ते लगेच कळेल. पण त्यातल्या अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉल या दोन घटकांमुळे त्वचेची ॲलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने त्यांच्यावर बंदी आणली. नाव तेच, खोका तोच, आतला तळ बदललेला. परफ्यूम बनवणाऱ्या जर्मेन सेलिएने १९४७ मध्ये बालमँ या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी केलेला 'व्हाँ व्हेर' गॅल्बनमच्या मुबलक वापरासाठी गाजला. तोही नंतर बदलत गेला. गॅल्बनम म्हणजे इराणकडचा एक डिंक, वास ताज्या सोललेल्या मटाराच्या टरफलांसारखा, जरा जास्तच कडक. तेव्हा नावावर जाऊ नका, आज मिळणारी बाटली हुंगा.

आता बाकीच्या, भराभर.

मनगटं एकमेकांवर घासणं: घासल्याने "रेणू फुटतात" ही थाप आहे, पण वरचा हिरवा वास उबेने लवकर उडतो हे खरं. राहू द्या की, हात हवेत धरा.

बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवणं: ऊन आणि उकाड्यात लिंबू आणि पाला आधी बिघडतो. माझ्या बाटल्या कपाटात, स्वेटरच्या मागे.

सुगंधी डिओ, सुगंधी केसतेल आणि वरून हे: तिघांचं भांडण होतं, ऐकावं लागतं बसमधल्या लोकांना.

कोरड्या त्वचेवर टिकत नाही म्हणून तक्रार: आधी बिनवासाचं व्हॅसलीन बोटाच्या टोकाएवढं चोळा, मग बोला.

दहा परफ्यूम एका फेरीत हुंगणं आणि मध्ये कॉफीच्या बिया: कॉफीने नाक साफ होत नाही, फक्त अकरावा वास मिळतो. मी स्वतःच्या बाहीत नाक खुपसतो. तीनच्या वर जाऊ नका.

"हिरवा म्हणजे पुरुषांचा": बायकांसाठी केलेल्या शनेल नंबर १९ मध्ये गॅल्बनम, आयरिस आणि वाळा आहे, आणि नावातला १९ हा कोको शनेलच्या जन्मदिवसाचा, १९ ऑगस्टचा. बायकोला विचारून बघा, माझ्या बाटलीतला निम्मा तिनेच संपवलाय.

आणि अत्तराच्या दुकानात गेलात तर मनगटावर एक काडी लावून घ्या, पैसे न काढता बाहेर पडा, चहा प्या, भाजी घ्या, तासाभराने परत जा. ओळखीचे अत्तरवाले यावर हसतात आणि खुर्ची पुढे करतात. जो "साहेब, आत्ताच घ्या, संध्याकाळी भाव वाढेल" म्हणतो, त्याच्याकडे मी परत जात नाही.