परदेशात आयटीची नोकरी करायची असेल तर आधी घरातली कागदं सरळ करा (सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी)

वालचंद असू दे, कराडचं गव्हर्नमेंट, इस्लामपूरचं आरआयटी नायतर साताऱ्याचं केबीपी, कॉलेज कुठलंपण असलं तरी हिंजवडी-खराडीत चार-पाच वर्षं काढली की बाहेर जायचा विषय निघतोच. मी पण सांगलीचाच, आता जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि गावाकडनं फोन आला की पहिला प्रश्न असतो, दादा कुठला देश चांगला? माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आपल्या भागातली पोरं कोडिंगमध्ये मागं पडत नाहीत, इंटरव्ह्यू पण काढतात, अडकतात ती कागदात, आणि कागदात अडकली की एजंटच्या हातात जातात. म्हणून आधी कागदं, मग देश, मग नोकरी असं सांगतो.

नावापासनं सुरू करा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं, खाली आईचं. पासपोर्टात नाव आणि वडलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. क्रम बदलला म्हणून सहसा कोण अडवत नाही, पण इंग्रजी स्पेलिंग बदललं की काम थांबतंय. सूर्यवंशीत एकीकडं डब्ल्यू तर एकीकडं व्ही, दत्तात्रयमध्ये कुठं एक टी कुठं दोन, वडलांचं नाव शाळेत तानाजी आणि आधारवर तानाजीराव. घरात एक दुपार बसा, दहावी, बारावी, डिग्री, आधार, पॅन, पासपोर्ट, जन्मदाखला सगळं एका सतरंजीवर मांडा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. फरक छोटा असेल आणि दहावीचं मार्कशीट बरोबर असेल तर पासपोर्टच त्याप्रमाणं दुरुस्त करून घेणं सोपं जातंय, सांगलीत आणि साताऱ्यात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला पळायची गरज नाही. नाव सरळ सरळ बदललंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असला तर तोपण भरून घ्या, नायतर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) असं छापून येतंय आणि मग बँक, लायसन, सगळीकडं तेच नाव पडतं.

ताईंसाठी वेगळं सांगतो. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. सगळ्या डिग्र्या माहेरच्या नावावर आहेत, कंपनीची लेटरं माहेरच्या नावावर आहेत, तर बाहेर जायचं ठरलेलं असताना सासरची मंडळी म्हणतात म्हणून पासपोर्ट बदलू नका, शांतपणे समजावून सांगा की यामुळं अख्ख्या घराचा व्हिसा लांबेल. मॅरेज सर्टिफिकेट मात्र पाहिजेच, आणि ते भरपूर जणांकडं नसतं, पत्रिका असते, अल्बम असतो, व्हिडिओ असतो, सर्टिफिकेट नसतं. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नोंद करून घ्या, डिपेंडंट व्हिसाला नवऱ्याला असू दे नायतर बायकोला, तेच लागतंय.

जन्मदाखला उघडून बघा. बारशाच्या आधी नोंद झालेली असते त्यामुळं कित्येकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडलांची नावं आणि तारीख. जिथं जन्म झाला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव टाकून घेता येतं का ते विचारा, याला मुदतीची अट असते, शाळा सोडल्याचा दाखला बरोबर न्या. आज लागत नाही म्हणून ठेवून देऊ नका, पुढं ग्रीन कार्ड, नागरिकत्व अशा ठिकाणी हाच कागद मागतात आणि तेव्हा तुम्ही हजारो किलोमीटर लांब असता.

डिग्रीचं काय करायचं ते बघा. बऱ्याच जणांकडं शेवटच्या सेमिस्टरचं मार्कशीट आणि प्रोव्हिजनल एवढंच असतं, पदवी प्रमाणपत्र काढलेलंच नसतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाऊन, किंवा तुमची डिग्री लोणेऱ्याच्या युनिव्हर्सिटीची असेल तर तिथनं, पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा युनिव्हर्सिटीचा कागद) दोन्ही काढा, आणि ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन सीलबंद सेट एकदमच घ्या. कॅनडासाठी वेस नावाची संस्था डिग्री तपासते, ती ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून घेत नाही, युनिव्हर्सिटीकडनंच थेट जावी लागते. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांनी एमएसबीटीईची (डिप्लोमाच्या बोर्डाची) मार्कशीटं पण जपून ठेवा, डिग्रीच्या कागदावर तीनच वर्षं दिसतात आणि समोरचा विचारतो पहिलं वर्ष कुठाय.

जर्मनीसाठी अनाबिन म्हणून एक फुकट वेबसाइट आहे, तिथं युनिव्हर्सिटीपुढं एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) लिहिलंय का आणि तुमची डिग्री यादीत आहे का दोन्ही बघायचं. डिग्री यादीत नसेल तर झेडएबी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कचेरीकडनं तुलना-पत्र काढावं लागतं, २०८ युरो फी आहे, कुठलाही कन्सल्टंट न धरता स्वतः ऑनलाइन अर्ज होतो.

आता सगळ्यात दुर्लक्ष होणारा कागद, एक्स्पिरियन्स लेटर. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्या रिलीव्हिंग लेटरवर लिहितात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सिस्टिम इंजिनियर होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा, झालं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला याच्यावर भागत नाही. त्यांना कंपनीच्या लेटरहेडवर पद, फुल टाइम की पार्ट टाइम, आठवड्याचे तास, पगार, आणि मुख्य म्हणजे रोज नेमकं काय काम करत होता ते लिहिलेलं पाहिजे. हे लेटर नोकरी सोडतानाच मागा, मॅनेजर ओळखीचा असतानाच मागा, मसुदा स्वतः लिहून द्या, कारण तीन वर्षांनी तो मॅनेजर पण गेलेला असतो आणि एचआर फोन उचलत नाही. लेटर मिळालंच नाही तर ऑस्ट्रेलियाचं एसीएस, जे आयटीवाल्यांचं स्किल तपासतं, ते बरोबर काम केलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र बघतं, पण सोबत सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा, पीएफचं पासबुक जोडावं लागतंय. आणि एसीएस तुमच्या अनुभवातली सुरुवातीची काही वर्षं, सहसा दोन किंवा चार, धरतच नाही, त्यामुळं ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचे पॉइंट मोजताना ती वजा करूनच मोजा.

एवढं झालं की देश निवडा, आणि निवडताना पगार बघण्याआधी कायमचं राहायला कधी मिळतं ते बघा. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी असते, वर्षाला ६५,००० आणि तिथं मास्टर्स केलेल्यांना वेगळे २०,०००, त्यात २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे असा आदेश निघाला. आणि लागली लॉटरी तरी नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळं भारतीयांची रांग कैक वर्षांची झालीय. माझं स्पष्ट मत, आज सांगलीतनं नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं फक्त अमेरिकेवर भरवसा ठेवून बसू नये.

जर्मनीचं ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी माणसाला राहून नोकरी करायचा परवाना) आयटीवाल्याला सगळ्यात सरळ वाटतं मला. आयटीची गणना टंचाईच्या कामात होते म्हणून पगाराची अट कमी आहे, २०२५ साठी वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, ती दरवर्षी बदलते. डिग्री नसली तरी मागच्या सात वर्षांत तीन वर्षं आयटीचा योग्य अनुभव असेल तर नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना हे कार्ड मिळू शकतं, डिप्लोमावाल्यांनी हे नीट वाचा. बायकोला किंवा नवऱ्याला लगेच काम करायची परवानगी असते. कायमच्या परवान्याला जर्मन भाषा ए-वन (अगदी सुरुवातीची पातळी) असेल तर २७ महिने, बी-वन (मधली पातळी) असेल तर २१ महिने, त्यामुळं पुण्यात असतानाच मॅक्समुल्लर भवनचा क्लास लावा, इथं आल्यावर नोकरी सांभाळून भाषा शिकायला फार जड जातंय. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण घरमालक, डॉक्टर आणि सरकारी कचेरीत चालतंच असं नाही.

आयर्लंडला क्रिटिकल स्किल्स परमिट आहे, इंग्रजीत सगळं होतंय, घर मिळणं मात्र अवघड. नेदरलँडला फक्त मान्यताप्राप्त कंपनीच तुम्हाला हायली स्किल्ड म्हणून बोलवू शकते, आणि अशा कंपन्यांची यादी त्यांचं इमिग्रेशन खातं उघड ठेवतं, युकेची पण स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकारी साइटवर आहे. युकेची पगाराची अट जुलै २०२५ ला ४१,७०० पौंडांवर नेली आणि वर हेल्थ सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना थोडा कमी, चौघांचं कुटुंब असेल तर गुणाकार करूनच हो म्हणा. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायमचं राहायला जायची पॉइंटची पद्धत) मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे पॉइंट काढून टाकलेत, त्यामुळं कोण ऑफर लेटर विकत देतो म्हणाला तर तिथंच फोन ठेवा.

नोकरी शोधताना या याद्या हातात घेऊन कंपनीच्या साइटवर थेट अर्ज करा. सीव्हीतनं वडलांचं नाव, जात, धर्म, लग्न झालंय का, आणि खालचं ते सही-ठिकाण-तारखेचं डिक्लेरेशन काढून टाका. त्याच्या जागी काय बनवलं, किती लोक वापरतात, तुमच्यामुळं काय फरक पडला हे लिहा. इंटरव्ह्यूला "टीमनं केलं" एवढंच सांगून थांबू नका, आपल्याला मी मी करायची सवय नाही, घरात तसं शिकवलेलंच नाही, पण समोरच्याला तुम्ही स्वतः काय केलं तेच ऐकायचं असतं.

एजंटबद्दल हात जोडून सांगतो. चांगली कंपनी नोकरीसाठी तुमच्याकडनं पैसे घेत नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, नोंदणी खरी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. कोण आठ-दहा लाख मागत असेल आणि त्यासाठी वडील द्राक्षाची बाग गहाण टाकायला निघाले असतील तर त्यांना थांबवा. थायलंड, कंबोडिया, लाओस इथं डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग, आयटी सपोर्ट अशा जाहिराती बघून गेलेल्या पोरांना तिथंच किंवा सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेलं आहे, परराष्ट्र खात्यानं २०२२ मध्येच यावर इशारा दिला होता. टुरिस्ट व्हिसावर या, तिथं वर्क परमिट करू असं कोण म्हणालं तर विमानात बसायचंच नाही, मग तो पाहुण्यातला असला तरी.

ऑफर आली की आकडा रुपयात गुणून गावात सांगू नका. जर्मनीत ५५,००० युरो पगारावर एकट्या माणसाच्या हातात कर आणि विमा जाऊन पासष्ट टक्क्यांच्या आसपास येतात, त्यातनं भाडं, आणि भाड्याचं डिपॉझिट तीन महिन्यांपर्यंत घेतात. पहिला पगार हातात पडेपर्यंतचा खर्च बरोबर न्या, आणि राहायला लागल्यापासनं दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करा, त्याच्याशिवाय पुढचं बरंचसं काही हलत नाही.

निघण्याआधी इकडची कामं. साधं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं खातं) करून घ्यावं लागतं, फेमाचा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे. भारतातलं सिम बंद करू नका, रोमिंग चालू ठेवा, बँक आणि आधारचे ओटीपी त्याच्यावरच येतात, ते बंद पडलं की सगळंच अडतंय. शेतीचं तर आधीच बघा, परदेशात राहायला गेल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र मिळू शकते, म्हणून आजोबांच्या नावावरचा सातबारा अजून तसाच असेल तर वारस नोंद आणि फेरफार भावाबहिणींनी एकत्र बसून आत्ताच करून घ्या. मुखत्यारपत्र द्यायचं तर ठराविक कामापुरतंच द्या, त्यात गट नंबर आणि काम स्पष्ट लिहा आणि दुय्यम निबंधकाकडं नोंदवा, सगळे अधिकार एकाच कागदात कोणालाच नको, सख्ख्या भावाला पण नको, उद्या त्याच्यावरच संशय येऊन नातं तुटतंय.

आणि स्वतःचा पासपोर्ट करताना आईवडलांचा पण करून टाका. आई म्हणेल मला काय करायचाय, तरी करा. त्यांची नावं पण तुमच्या कागदावरच्या नावाशी जुळतायत का बघा, कारण उद्या त्यांना तीन महिन्यांसाठी बोलवायचं तर नातं कागदावर दाखवावं लागतं, शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि वय वाढलं की तो महाग होत जातो, त्यामुळं नोकरीत स्थिर झालात की पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची अपॉइंटमेंट घ्या.