चिराच्या झाडाला न दुखवता राळ

कुमाऊँ किंवा हिमाचलात भटकताना चिराची, म्हणजे तिथल्या पाइनच्या झाडाची, राळ हवी असेल, तर सालीवर चाकू चालवू नका. कुमाऊँत तिला लीसा म्हणतात. तो काढण्याचं काम वनखात्याच्या देखरेखीखाली चालतं, म्हणून झाडाला बांधलेल्या भांड्यांना हात लावू नका, आणि काहीही उचलण्याआधी तिथल्या वनरक्षकाला विचारा.

चीर ओळखायला सोपा: लांब सुयांचे तीन-तीनचे झुबके. राळ शोधायची ती वादळात मोडून पडलेल्या फांद्यांवर आणि ओंडक्यांवर. मोडल्या जागी मधाच्या रंगाचे थेंब ओघळून गोठलेले असतात. जुने झाले की वरून पांढुरके, खडीसाखरेसारखे दिसतात. नखाने दाबून पाहा. टचकन तुटला तो खडा घ्यायचा. बोटाला चिकटणारा राहू द्या, पिशवीत त्याचा नुसता लगदा होतो. जिवंत खोडावरचा थेंब मात्र सोडून द्या. ती झाडाची खपली आहे, ती निघाली की कीड आणि बुरशीला वाट मिळते.

सकाळच्या गारव्यात गोळा करा, तेव्हा खडे सहज सुटतात. हात चिकट झाले तर पाण्याने काही होत नाही. आधी खोबरेल चोळा, मग साबण.

गाळायची असेल तर जुन्या डब्यात, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून, घराबाहेर वितळवा. थेट आचेवर कधीच नको, कारण तिच्यातलं टर्पेंटाइन भडकन पेटतं. मग सुती फडक्यातून गाळा. ते फडकं पुन्हा वापरता येत नाही.